दूध उलटतं तेव्हा

दोन-तीन महिन्यांचं बाळ घरात असलं की घरातल्या मोठ्या माणसांच्या खांद्यावर एक पंचा किंवा जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा कायमचा मुक्कामाला येतो. बाळ दूध पितं, आजी त्याला खांद्याशी धरते, पाठीवर थोपटते, ढेकर येतो आणि ढेकराबरोबर घोटभर दूधही बाहेर येतं. बाळ मजेत असतं. त्याच्या आईचा जीव मात्र थाऱ्यावर नसतो. पोटात काही राहतंय की नाही? वजन कसं वाढणार? आणि रात्री झोपेत दूध उलटून घशात अडकलं तर?

या घोटभर दुधाला मोठा इतिहास आहे. तो आपल्या सहाणेपासून निघतो, इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम गावातून मुंबईच्या गिरणगावात येतो आणि तिथून ऑस्ट्रेलिया, हॉलंड, अमेरिका असा फिरतो. या वाटेवर हजारो बाळांचे जीव गेले. उलटलेल्या दुधाच्या धास्तीपायी आणि बाळाचं रडणं थांबवण्याच्या घाईत मोठ्या माणसांनी जे उपाय केले, त्यातल्या काही उपायांनी ते घेतले. म्हणून हा इतिहास सांगण्याजोगा आहे.

आधी हे दूध येतं का, ते पाहू. अन्ननलिका जिथं जठराला मिळते, तिथं स्नायूंचं एक कडं असतं. मोठ्या माणसाच्या पोटात ते नाडी बांधलेल्या पिशवीसारखं काम करतं. तान्ह्या बाळाची ही नाडी सैल असते. अन्ननलिका आखूड, जठर लहान, आहार निव्वळ पातळ आणि दिवसाचा बहुतेक वेळ आडवं पडण्यात जातो. मग दूध वर न येईल तरच नवल. डॉक्टर याला रिफ्लक्स म्हणतात. अमेरिकेत शिकागो परिसरातल्या ९४८ पालकांना विचारून केलेली एक पाहणी १९९७ साली प्रसिद्ध झाली. तीन महिन्यांपर्यंतच्या बाळांपैकी निम्मी बाळं दिवसातून एकदा तरी दूध काढत होती. चौथ्या महिन्यात हे प्रमाण शंभरात ६७ झालं आणि दहा ते बारा महिन्यांच्या बाळांत ते शंभरात ५ इतकं खाली आलं. म्हणजे बाळ बसायला लागतं, घट्ट खायला लागतं, तशी नाडी आपोआप आवळली जाते.

पण आकडे वाचून आईचं काळीज स्वस्थ होत नाही. बाळाला बोलता येत नाही, ही खरी अडचण आहे. आपल्याकडच्या जुन्या वैद्यांनी ही अडचण फार चांगली ओळखली होती. काश्यपसंहिता हा बालरोगांवरचा प्राचीन ग्रंथ नेपाळात मिळालेल्या हस्तलिखितावरून १९३८ साली छापून प्रसिद्ध झाला. त्यात वेदनाध्याय नावाचं एक प्रकरण आहे. ज्याला बोलता येत नाही त्याचं दुखणं ओळखायचं कसं, हा त्याचा विषय. पोट दुखत असलं तर बाळ स्तन सोडून देतं, रडतं, पोट ताठ होतं, तोंडाला घाम येतो. कारण नसताना वारंवार ढेकर येऊ लागले, झोप आणि जांभया येऊ लागल्या की ओकारी येणार असं समजावं. हे ज्यानं लिहिलं तो पाळण्याशेजारी तासन्‌तास बसलेला असला पाहिजे. इराणातल्या रय गावचे हकीम अबू बकर अल् राझी यांनीही नवव्या-दहाव्या शतकाच्या सुमारास मुलांच्या आजारांवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. ती लॅटिन भाषांतरातून युरोपात पोचली आणि शतकानुशतकं वाचली गेली.

घराघरांत मात्र ग्रंथांपेक्षा सहाणेचं राज्य होतं. वेखंड, हळकुंड, सुंठ, जायफळ, हिरडा, मुरुडशेंग, बदाम, खारीक. प्रत्येकाचे मोजून वळसे द्यायचे आणि ते आईच्या दुधात कालवून बाळाला चाटवायचे. शेजारपाजारी तिला गुटी म्हणत, आमच्या मुसलमान घरांत घुट्टी म्हणत, सहाण मात्र सारखीच. मुरुडशेंग पिळवटलेली दिसते म्हणून पोटातल्या मुरड्यावर ती चालेल, असा त्यातला हिशेब. आज डॉक्टर पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही देऊ नका म्हणतात आणि जागतिक आरोग्य संघटनेचीही २००१ पासून तीच शिफारस आहे. सहाण, पाणी, बोट यांवाटे जंतू पोटात जातात, हे त्यामागचं साधं कारण. तरी गुटीच्या बाजूनं एक गोष्ट सांगायला हवी. गुटी उगाळणारी बाई बाळाला मांडीवर घेऊन बसे आणि मग बराच वेळ खांद्याशी धरून फिरे. बाळाला गुण यायचा त्यात या फिरण्याचा वाटा मोठा असावा.

ज्या बाईला असं फिरायला वेळच नव्हता, तिच्या घरी काय घडलं? इथून आपल्याला इंग्लंडमध्ये जावं लागतं. एकोणिसाव्या शतकात नॉटिंगहॅम हे लेस विणण्याच्या धंद्याचं गाव होतं. बायका घरी बसून अठरा-अठरा तास लेसवर टाके घालीत. मांडीवर काम असेल तर बाळ कुठं घ्यायचं? त्यांच्या मदतीला ‘गॉडफ्रेज कॉर्डियल’ नावाचं गोड औषध होतं. काकवीच्या पाकात अफूचा अर्क घातलेलं. मुलांच्या मजुरीची चौकशी करणाऱ्या सरकारी आयोगापुढं १८४०च्या दशकात याच्या साक्षी झाल्या. आया आपल्या तान्ह्यांना थेंबाथेंबानं हे औषध वाढवत नेत. बाळं निपचित पडून राहत, सुकत जात आणि काही पुन्हा उठत नसत.

त्याच नॉटिंगहॅममध्ये १८५१ साली विल्यम वुडवर्ड नावाच्या औषधविक्यानं ग्राइप वॉटर बाजारात आणलं. इंग्लंडच्या पूर्वेकडच्या दलदलीत हिवताप असे. त्यावर दिलं जाणारं औषध बाळांच्या पोटालाही आराम देतं, असं त्याच्या पाहण्यात आलं होतं. त्याच्या बाटलीत पाणी, साखर, खाण्याचा सोडा, थोडा मद्यार्क आणि ‘डिल’चं तेल होतं. हे डिल म्हणजे आपला बाळंतशेपा. जी बडीशेपेची बहीण आपल्याकडं बाळंतिणीच्या विड्यात होती, तीच साहेबाच्या बाटलीत बसून परत आपल्या घरी आली आणि आपण तिला विलायती औषध म्हणून मान दिला. दूरदर्शनवरची ती जाहिरात अनेकांना आठवत असेल. बाळ का रडतंय असं एक विचारते, मग तिची आई, मग आजी, आणि पिढ्यान्‌पिढ्या उत्तर एकच.

ग्राइप वॉटरनं दूध उलटणं थांबतं असा पुरावा नाही. ब्रिटनमध्ये १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यातला मद्यार्क काढून टाकायला लावला. तान्ह्या मुलाला दारूचा अंश कशाला, हा प्रश्न विचारायला जवळजवळ दीडशे वर्षं लागली. पण न्यायानं बोलायचं तर जिथं आधी अफू होती, तिथं सोडा आणि शेपा आला. त्या काळाच्या मानानं हा मोठाच पालट होता.

मुंबईत हा पालट उशिरा आला. १९२०च्या सुमारास गिरणगावात हजारो बायका कापड गिरण्यांत काम करीत. बाळंतपणाची पगारी रजा नव्हती. खाडा झाला की पगार गेला आणि कदाचित कामही गेलं. मग तान्हं मूल चाळीत थोरल्या बहिणीजवळ किंवा म्हाताऱ्या शेजारणीजवळ ठेवायचं आणि भोंगा व्हायच्या आत त्याच्या तोंडात अफूची बारीक गोळी घालायची. तिला नाव मोठं गोड होतं, बाळागोळी. मुंबई सरकारच्या वतीनं डॉ. बार्न्स या डॉक्टरबाईंनी गिरणीत काम करणाऱ्या बायकांच्या बाळंतपणाची पाहणी केली. ती १९२२ साली ‘लेबर गॅझेट’मध्ये आली. या बायकांच्या शंभर बाळांमागं ९८ बाळांना अफू दिली जात होती.

अफूनं बाळ रडत नाही, कारण ते गुंगीत असतं. ते दूधही काढत नाही, कारण दूधच पीत नाही. वरून पाहणाऱ्याला हे बाळ शहाणं वाटतं. आतून ते उपाशी मरत असतं. त्या आयांना दोष देणं सोपं आहे, पण त्यांच्यापुढं निवड तरी कोणती होती? घरी बसलं तर सगळी पोरं उपाशी, कामावर गेलं तर धाकटं अफूच्या गुंगीत. हा प्रश्न औषधाचा नव्हताच, तो रजेचा होता. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या भत्त्याचं बिल आलं, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच्या बाजूनं भाषण केलं आणि आईला प्रसूतीच्या आधी व नंतर विश्रांती मिळण्यात राष्ट्राचंही हित आहे, असं मांडलं. १९२९ साली मुंबई इलाख्याचा मातृत्व-लाभ कायदा झाला. देशातला हा या प्रकारचा पहिला कायदा. बाळाच्या पोटाचा इतिहास लिहायचा तर त्यात या कायद्याला कुठल्याही औषधापेक्षा वरची जागा द्यावी लागेल.

श्रोतेहो, इथवरची गोष्ट गरिबीची आणि अज्ञानाची, असं कुणी म्हणेल. पुढची गोष्ट श्रीमंत आणि शिकलेल्या देशांची आहे.

बाळाला झोपवायचं कसं, उताणं की पालथं? आपल्याकडं पाळण्यात, झोळीत बाळ उताणंच असतं. युरोप-अमेरिकेतही पूर्वी बरीच बाळं उताणी झोपत. विसाव्या शतकाच्या मध्याला तिथं एक विचार बळावला. उताण्या बाळानं दूध उलटलं तर ते श्वासनलिकेत जाईल. पालथं असलं तर बाहेर पडेल. अमेरिकेतले डॉ. बेंजामिन स्पॉक यांचं बालसंगोपनाचं पुस्तक १९४६ साली निघालं आणि त्याच्या कोट्यवधी प्रती खपल्या. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या आवृत्तीपासून त्यात पालथं झोपवण्याचा सल्ला आला, आणि कारण हेच दिलेलं होतं. युक्तिवाद ऐकायला इतका सरळ होता की तो तपासून पाहावा असं फारसं कुणाला वाटलं नाही. रुग्णालयांत, पुस्तकांत, आईकडून लेकीकडं तो पसरत गेला.

प्रत्यक्षात शरीराची मांडणी उलटी आहे. श्वासनलिका पुढं असते आणि अन्ननलिका तिच्या मागं. बाळ उताणं असलं की श्वासनलिका वर येते आणि अन्ननलिका खाली. उलटलेल्या दुधाला श्वासनलिकेत शिरायचं तर चढ चढावा लागतो. बाळ पालथं झालं की अन्ननलिका वर, श्वासनलिका खाली. शिवाय पालथ्या बाळाचं नाक गादीत रुततं, ते सोडलेलाच श्वास पुन्हा घेत राहतं आणि त्याला गाढ झोपेतून जाग येणं अवघड जातं.

रात्री नीट झोपवलेलं बाळ सकाळी मेलेलं सापडायचं. आजार नाही, जखम नाही. डॉक्टर याला पाळण्यातला मृत्यू म्हणत आणि कारण सापडत नाही म्हणून हात टेकत. खरं तर खुणा होत्या. न्यूयॉर्कमधल्या अशा मृत्यूंची एक पाहणी १९४४ सालीच छापून आली होती आणि त्यातली बरीचशी बाळं पालथी सापडली होती. ॲडलेडच्या डॉ. सुझन बील यांनी १९७०च्या दशकापासून, जिथं बाळ गेलं त्या घरी स्वतः जाऊन बाळ कसं झोपवलं होतं, कसं सापडलं, याची शांतपणे नोंद ठेवली आणि पुढं पालथं झोपवू नका असं त्या जाहीरपणे सांगू लागल्या. १९८५ साली हाँगकाँगहून एका डॉक्टरांनी लिहिलं की इथं असे मृत्यू फार थोडे होतात, आणि इथली बाळं उताणी झोपतात. हॉलंडमध्ये १९७०च्या दशकात पालथं झोपवण्याची पद्धत शिरली आणि मृत्यू वाढले. १९८७ साली तिथं डॉ. डी याँग यांच्या पुढाकारानं मोहीम झाली आणि आकडा उतरला.

ब्रिटनमध्ये १९९१ साली दूरदर्शन निवेदिका ॲन डायमंड यांचं तान्हं बाळ असंच गेलं. त्यांनी आपलं दुःख घरात कोंडून न ठेवता सरकारमागं तगादा लावला आणि त्याच वर्षअखेरीस बाळांना पाठीवर झोपवा अशी देशभर मोहीम सुरू झाली. अमेरिकेत १९९४ साली तशीच मोहीम निघाली. काही वर्षांतच दोन्ही देशांत हे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. आणि ज्याची धास्ती होती, ते दूध घशात अडकून मरणं? ते वाढलं नाही. २००५ साली ब्रिटिश संशोधकांनी सगळा जुना पुरावा एकत्र मांडून हिशेब केला. १९७० सालापर्यंत हाती असलेली माहिती कुणी नीट गोळा केली असती, तर ब्रिटनमधली दहा हजारांहून अधिक आणि युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलिया मिळून किमान पन्नास हजार बाळं वाचू शकली असती. ज्या पालकांनी पुस्तकातला सल्ला मनापासून पाळला, त्यांच्या घरची ही बाळं होती.

एवढं झाल्यावर माणूस शहाणा झाला का? १९९३ साली अमेरिकेत सिसाप्राइड नावाचं औषध आलं. जठर लवकर रिकामं करणारं हे औषध दूध काढणाऱ्या बाळांनाही सर्रास दिलं जाऊ लागलं. त्यानं हृदयाचे ठोके बिघडू शकतात हे पुढं उघड झालं. मोठी माणसं आणि मुलं मिळून ८० मृत्यूंची नोंद झाल्यावर २००० साली ते तिथल्या बाजारातून काढलं. भारतात त्यावर बंदी यायला २०११ साल उजाडलं. मग आम्ल कमी करणाऱ्या औषधांची पाळी आली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत १६२ रडणाऱ्या बाळांचे दोन गट केले. एकाला लॅन्सोप्राझोल हे औषध दिलं, दुसऱ्याला औषधासारखं दिसणारं पण औषध नसलेलं काही. पहिल्या गटात ८१ पैकी ४४ बाळांना बरं वाटलं. दुसऱ्या गटातही ८१ पैकी ४४. फरक इतकाच की औषध घेणाऱ्यांत छातीच्या संसर्गासारखे गंभीर त्रास जास्त निघाले.

धास्ती काही जात नव्हती. २००९ साली अमेरिकेत तिरपं झोपवणारा एक झुलता पाळणा बाजारात आला. ज्या बाईंना तो सुचला, त्यांच्याच मुलाला रिफ्लक्स होता आणि त्याला उतारावर झोपवा असं त्यांना सांगितलं गेलं होतं. हेतू चांगलाच होता. पण तिरप्या पाळण्यात झोपलेल्या बाळाची मान पुढं झुकते आणि श्वास कोंडतो, बाळ कुशीवर वळलं तर आणखीच वाईट. अनेक मृत्यूंनंतर २०१९ साली सुमारे ४७ लाख पाळणे परत मागवले गेले आणि २०२२ साली अमेरिकेनं कायदा करून असे तिरपे पाळणे विकायलाच बंदी घातली.

याचा अर्थ दूध उलटणाऱ्या बाळाकडं दुर्लक्ष करावं असा मुळीच नाही. इतिहासात याच्या उलट उदाहरणही आहे. काही बाळं तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून कारंज्यासारखी लांब उलटी करतात, लगेच पुन्हा भुकेली होतात आणि दिवसेंदिवस सुकतात. १८८७ साली कोपनहेगनच्या डॉ. हिर्शश्प्रुंग यांनी या आजाराचं नीट वर्णन केलं. जठराच्या खालच्या दाराचा स्नायू जाड होऊन वाटच बंद होते. पूर्वी अशी बाळं बहुतेक दगावत. १९११ साली जर्मनीत डॉ. रामस्टेट यांनी तो जाड स्नायू उभा चिरून मोकळा करण्याची छोटी शस्त्रक्रिया केली आणि आजही तीच पद्धत वापरली जाते. इथं हात लावणं हाच उपाय होता. साधं दूध काढणं कोणतं आणि दुखणं कोणतं, हे ओळखण्यात सगळं शहाणपण आहे. वेदनाध्याय लिहिणाऱ्याला तरी दुसरं काय सांगायचं होतं?

मी डॉक्टर नाही, कविता लिहिणारा माणूस. तरी डॉक्टर आज एकमुखानं जे सांगतात ते इथं सांगणं माझं कर्तव्य आहे. बाळ दूध काढतं, पण हसतं-खेळतं, भरपूर शू करतं आणि वजन वाढतंय, तर औषध नको. अंगावरचं दूध बंद करू नये. वरचं दूध देत असाल तर एका वेळी थोडं आणि जास्त वेळा द्यावं. पाजताना मध्ये आणि नंतर ढेकर काढावा, वीस-तीस मिनिटं खांद्याशी उभं धरावं. झोपवताना मात्र सपाट, घट्ट गादीवर, उताणंच झोपवावं, दूध काढणाऱ्या बाळालासुद्धा. पालथं घालायचं ते जागेपणी आणि डोळ्यांसमोर. उलटी हिरवी असेल, त्यात रक्त असेल, ती जोरानं लांब पडत असेल, बाळ पीत नसेल, मलूल असेल, ताप असेल, वजन वाढत नसेल किंवा पोट फुगलं असेल, तर सहाण, बाटली, दृष्ट सगळं बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठावा.

बाकीच्या बाळांना लागतो तो वेळ, आणि धरून बसायला एक माणूस. नॉटिंगहॅमच्या लेसवालीकडं आणि परळच्या गिरणीवालीकडं हेच नव्हतं. आजही शेतावर, विटभट्टीवर, ऊसतोडीवर जाणाऱ्या किंवा दुसऱ्यांच्या घरी भांडी घासणाऱ्या कितीतरी आयांकडं ते नाही. रजेचा कायदा त्यांच्यापर्यंत पुरता पोचलेला नाही. ज्यांच्या घरी आजी आहे, आजोबा आहेत, सुट्टी घेऊ शकणारा बाप आहे, त्यांनी खांद्यावर पंचा टाकावा आणि बाळाला उचलून घ्यावं. दूध सांडेल. पंचा धुता येतो.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)